कात्री कुणाच्या हातात होती?

अमेरिकन सिनेमावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या चित्रपटाचा, या विषयावर वाद घालताना माणसं थकत नाहीत. क्रिकेटच्या संघनिवडीसारखंच आहे हे. प्रत्येकाचे अकरा जण ठरलेले. 'द बर्थ ऑफ अ नेशन', 'द जाझ सिंगर', 'सिटिझन केन', 'सायको', 'जॉज', 'स्टार वॉर्स'. त्यातून एखादा जरा जास्त वाचलेला निघाला, तर तो कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय' काढतो, त्यावरून १९६०चा 'द मॅग्निफिसंट सेव्हन', आणि तिथून आपला १९७५चा 'शोले' अशी गाडी थेट घरापर्यंत येते. चहाच्या दोन फेऱ्या होतात. चहा कोण करतं, हे सांगायला नकोच!

आता तुम्ही म्हणाल, मैत्रिणींनो, हॉलिवूडच्या याद्यांशी आपलं काय देणंघेणं? मलाही बी.ए.ला असताना तसंच वाटायचं. पण गेली काही वर्षं आम्ही काही जणी मिळून वस्तीतल्या मुलींना महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो, नंतर त्यावर बोलतो. त्यासाठी म्हणून या जुन्या चित्रपटांबद्दल वाचायला लागले आणि लक्षात आलं की हा वाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. 'प्रभाव' म्हणजे काय, आणि तो कुणाच्या खात्यावर जमा करायचा, हे ठरवण्यातच सगळी गोम आहे.

पहिलं उदाहरण 'द बर्थ ऑफ अ नेशन'चंच घेऊ. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा हा १९१५चा मूकपट. तीन तासांचा. त्या काळात सिनेमाचं तिकीट काही सेंट असायचं, याचं दोन डॉलरपर्यंत विकलं गेलं आणि तरी रांगा लागल्या. एकाच वेळी दोन ठिकाणी घडणारे प्रसंग आलटून पालटून दाखवायचे आणि प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायचा, चेहरा जवळून दाखवायचा, मग एकदम दूरवरचं रणांगण, ही सगळी भाषा या चित्रपटानं रूढ केली असं पुस्तकं सांगतात. यातल्या बऱ्याच युक्त्या आधी इतरांनीही वापरल्या होत्या. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या परिणामकारकपणे एकत्र आल्या त्या इथेच. हे मान्य करायलाच हवं.

पण गोष्ट काय होती? थॉमस डिक्सन यांच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीवर बेतलेली. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत मुक्त झालेले काळे लोक म्हणजे गोऱ्या बायकांवर टपलेली जनावरं, आणि त्या बायकांची अब्रू वाचवायला घोड्यांवरून येणारे 'कू क्लक्स क्लॅन'चे पांढऱ्या झग्यातले लोक म्हणजे वीरपुरुष. प्रमुख काळी पात्रं तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केलेली. १८ फेब्रुवारी १९१५ला हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना दाखवला गेला. १९०९मध्ये स्थापन झालेल्या 'एनएएसीपी' या संघटनेनं गावोगावी निदर्शनं केली. बोस्टनमध्ये विल्यम मनरो ट्रॉटर हे काळे संपादक रस्त्यावर उतरले. चित्रपट चालूच राहिला.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर विल्यम सिमन्स नावाच्या माणसानं मूठभर लोक जमवून जवळजवळ विझून गेलेली क्लॅन पुन्हा उभी केली. डोंगरावर क्रूस पेटवला. मला धक्का बसला तो पुढची गोष्ट वाचून. मूळच्या, युद्धानंतरच्या क्लॅनमध्ये क्रूस पेटवायची रीतच नव्हती. ती डिक्सन यांच्या कादंबरीतली कल्पना, चित्रपटानं लोकप्रिय केलेली. म्हणजे सिनेमानं इतिहास दाखवला नाही, इतिहासाला काय करायचं ते शिकवलं! पुढे हाच चित्रपट क्लॅननं भरतीसाठी वापरला.

आता सांगा, प्रभावाच्या यादीत हा पहिला आला, तर तो कशासाठी? चित्रपट अभ्यासक म्हणतात, तंत्रासाठी. आशय बाजूला ठेवा. मी समाजकार्य करणारी बाई आहे, मला बाजूला ठेवता येत नाही. एखाद्या कुटुंबात दारू आली तर बाटलीचा आकार किती सुबक होता, याची नोंद आम्ही करत नाही. शिवाय ते वेगळं काढता येतच नाही. तो प्रसिद्ध शेवट, म्हणजे इकडे दार फोडणारे काळे लोक आणि तिकडे दौडत येणारे घोडेस्वार, त्यातलं तंत्र हेच त्या विषाचं वाहन आहे. तंत्र कच्चं असतं तर विष इतकं भिनलं नसतं.

अमेरिकेतल्या संस्थांनाही हा पेच सुटलेला नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं १९९८मध्ये शंभर चित्रपटांची यादी केली, त्यात हा ४४वा होता. २००७मध्ये ती यादी नव्यानं केली तेव्हा हा गायब झाला आणि ग्रिफिथ यांचाच 'इंटॉलरन्स' आत आला. दिग्दर्शकांच्या संघटनेनं १९९९मध्ये आपल्या जीवनगौरव पुरस्काराला असलेलं ग्रिफिथ यांचं नाव काढून टाकलं. माझ्या मते पुरस्काराचं नाव बदललं ते योग्यच केलं. पण प्रभावाच्या यादीतून हा चित्रपट काढणं मला पटत नाही. यादी म्हणजे हार घालायची जागा नव्हे. रोगाचा इतिहास लिहिताना साथीचं नाव वगळत नाहीत.

या चित्रपटाचं उत्तर म्हणून लगेच काय झालं, हे मात्र वादात कुणी काढत नाही. ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकानं १९२०मध्ये 'विदिन अवर गेट्स' काढला. स्वतःच्या बळावर. त्यात एक सुशिक्षित काळी शिक्षिका आहे, गरीब काळ्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवायला उत्तरेत जाणारी. आणि त्यात गोऱ्या जमावानं केलेल्या हत्याही आहेत, आणि काळ्या स्त्रीवर हात टाकणारा गोरा पुरुषही. म्हणजे ग्रिफिथ यांनी उलटं करून दाखवलेलं मिशोंनी सुलटं केलं. हा चित्रपट कित्येक दशकं हरवलेला होता. १९७०च्या दशकात त्याची प्रत सापडली ती स्पेनमध्ये, स्पॅनिश पाट्यांसह! ज्या देशाची ती गोष्ट, त्या देशात प्रतच नव्हती. मग त्याचा प्रभाव पडणार कसा आणि कुणावर?

इथे मला प्रभावाचं खरं गणित कळलं. चित्रपट चांगला असून भागत नाही, तो शिल्लक राहावा लागतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३मध्ये एक अहवाल काढला. त्यानुसार अमेरिकेत बनलेल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे नष्ट झाले आहेत. कुणाचे जपले गेले आणि कुणाचे कुजले, हे काही केवळ नशिबावर नव्हतं. पुढे ज्यांची कंपनी टिकली, ज्यांच्या नावाला किंमत राहिली, त्यांच्याकडे जास्त लक्ष गेलं.

आणि नेमक्या त्याच काळात बायका होत्या! हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अ‍ॅलिस गी ही पॅरिसच्या गोमाँ कंपनीत टायपिस्ट-सेक्रेटरी म्हणून लागलेली मुलगी. कॅमेरे विकणाऱ्या मालकाला तिनं विचारलं, यावर मी छोटी गोष्ट चित्रित करून बघू का? कामाच्या वेळेत खोळंबा व्हायला नको, या अटीवर परवानगी मिळाली. १८९६मध्ये तिनं कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणाऱ्या परीची गोष्ट केली. गोष्ट सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत ती मोजली जाते. लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर १९१०मध्ये तिनं 'सोलॅक्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि १९१२मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे स्टुडिओ बांधला. हॉलिवूड अजून व्हायचं होतं! स्टुडिओत तिनं मोठी पाटी लावली होती, नटांनी नैसर्गिक वागावं अशी. हातवारे करकरून डोळे फिरवायच्या त्या जमान्यात हे किती पुढचं! १९२२मध्ये ती फ्रान्सला परतली. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःचेच चित्रपट शोधत हिंडली, फार थोडे हाती लागले. तिचे कितीतरी चित्रपट पुस्तकांत पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर गेले होते. १९६८मध्ये न्यू जर्सीतच ती वारली.

दुसरी लोइस वेबर. हिच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटतो, कारण सिनेमात यायच्या आधी ती चर्चतर्फे गरीब वस्त्यांत आणि रस्त्यावरच्या बायकांत काम करायची. तो अनुभव तिच्या चित्रपटांत उतरला. १९१३च्या 'सस्पेन्स'मध्ये तिनं पडद्याचे त्रिकोणी तीन भाग केले: एकात घरात एकटी अडकलेली बाई, एकात फोनवर नवरा, एकात घरात शिरणारा चोर. दहा-बारा मिनिटांचा चित्रपट आहे, आजही अंगावर काटा येतो.

पण मला सांगायचंय ते तिच्या १९१६च्या 'शूज'बद्दल. एक मुलगी दुकानात दिवसभर उभी राहून विक्री करते. घरात आई, धाकट्या बहिणी, आणि पलंगावर पडून कादंबऱ्या वाचणारा बाप. मिळवणारी ही एकटी. तिच्या बुटांचे तळवे फाटलेत. दर आठवड्याला पगार आईच्या हातात देते आणि आई सांगते, पुढच्या आठवड्यात बघू. मग ती पुठ्ठा कापून बुटात घालते. पाऊस येतो, पुठ्ठ्याचा लगदा होतो. वेबरबाईंचा कॅमेरा त्या पायांवरून हलतच नाही. शेवटी ती नव्या बुटांसाठी काय विकते, ते तुम्हाला कळलंच असेल. शिकागोच्या हल हाउसच्या जेन अ‍ॅडम्स, ज्यांना पुढे १९३१मध्ये शांततेचं नोबेल मिळालं आणि समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येकीला ज्यांचं नाव माहीत असतं, त्यांच्या पुस्तकातली अशीच एक नोंद या गोष्टीच्या मुळाशी आहे. आमच्या ओळखीतल्या कापडदुकानांतल्या मुली आजही दिवसभर उभ्याच असतात. त्यांना या गोष्टीचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

त्या दशकात एकट्या युनिव्हर्सल कंपनीत दहा-अकरा बायका दिग्दर्शन करत होत्या. वीस वर्षांत हे सगळं संपलं. कारण काही गूढ नाही. धंदा लहान होता, बेभरवशाचा होता, तोवर बायका चालल्या. बँकांचा पैसा आला, मोठे स्टुडिओ आले, कामगार संघटना आल्या, आणि खुर्च्या भरताना बायका बाहेर. पापडाचा घरगुती उद्योग मोठा झाला, मशिनं आली, की हिशेबाच्या टेबलावर कोण बसतं ते आपण पाहतोच. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून १९४३पर्यंत मोठ्या स्टुडिओत सातत्यानं दिग्दर्शन करणारी जवळजवळ एकटी डोरोथी आर्झनर उरली. बोलपट नवीन असताना, १९२९च्या 'द वाइल्ड पार्टी'च्या वेळी क्लॅरा बो ही नटी एका जागी ठेवलेल्या मायक्रोफोनला घाबरून अवघडायची. आर्झनरबाईंनी माइक गळाच्या काठीला बांधला आणि तिच्या डोक्यावरून फिरवत नेला. आज प्रत्येक शूटिंगला नटांच्या डोक्यावर जो लांब दांड्याचा माइक दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या अवतारांपैकी हा एक. 'द जाझ सिंगर'चं नाव सगळे घेतात, माइकच्या काठीचं कोण घेणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही. जे चित्रपट कुणी पाहिलेच नाहीत, त्यांचा प्रभाव कसा मानायचा? सहानुभूती म्हणून यादीत नावं घुसडायची का? नाही, मुळीच नाही. आरक्षित जागा भरल्यासारखं 'शूज'ला पहिल्या दहात बसवा, असं मी म्हणणार नाही. जो धागा तुटला तो तुटला, हेच खरं. माझं म्हणणं वेगळं आहे. जे चित्रपट प्रभावी म्हणून सगळ्यांना मान्य आहेत, त्यांचंच श्रेय एकदा नीट वाटून बघा.

मूकपटांच्या काळात फिल्म कापून जोडणं हे बायकांचं काम समजलं जायचं. शिवणकामाच्या जातीतलं. कात्री, बारीक नजर, चिकाटी, कमी पगार. गोधडी शिवणाऱ्या बाईला कोणता तुकडा कुठे खुलेल हे बरोबर कळतं, पण गोधडीला कलाकृती म्हणायला आपण किती वर्षं घेतली! मार्गारेट बूथ ही १९१५मध्ये ग्रिफिथ यांच्याकडे तुकडे जोडायला लागलेली मुलगी पुढे एमजीएमची मुख्य संकलक झाली आणि १९६८पर्यंत त्या खुर्चीत होती. अ‍ॅन बॉकन्स सेसिल डिमिल यांचे चित्रपट चाळीसेक वर्षं कापत राहिली. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन सिनेमाची लय म्हणतो, ती मोठ्या प्रमाणात या हातांनी बसवलेली आहे.

'जॉज' घ्या. १९७५चा, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा. उन्हाळ्यात एकदम चारशेहून जास्त थिएटरांत लावायचा, टीव्हीवर जाहिरातींचा मारा करायचा, ही पद्धत त्यानं पक्की केली. आजचा सगळा बाजार त्यावर चालतो. चित्रपटातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात बिघडायचा. त्यामुळे शार्क न दाखवता भीती दाखवायची वेळ आली. ती कशी दाखवली, कुठे थांबवली, कुठे अर्धा क्षण आधी कापलं, हे काम व्हर्ना फील्ड्स यांचं. पन्नाशी उलटलेली ही बाई, त्यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. बोटीच्या भोकातून एकदम मुंडकं बाहेर येतं तो प्रसंग तर नंतर त्यांच्याच घराच्या पोहण्याच्या तलावात चित्रित केला, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर टाकून! दोन वर्षांनी आलेल्या 'स्टार वॉर्स'मधली शेवटची लढाई जुळवण्यात मार्शिया लुकस यांचा मोठा वाटा. पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू यांच्याबरोबर त्यांनाही ऑस्कर मिळालं. १९६७चा 'बॉनी अँड क्लाइड', ज्याच्या शेवटच्या गोळीबारानं हिंसा दाखवायची रीतच बदलली, तो डीडी अ‍ॅलन यांनी कापला. मार्टिन स्कोर्सेझी यांचे १९८०च्या 'रेजिंग बुल'पासूनचे चित्रपट थेल्मा शूनमेकर यांच्या हातचे. हे काही कुजबुजीतून उकरून काढलेलं गुपित नाही. पडद्यावर नावं आहेत. वाद घालणारे नावं यायच्या आधी उठतात, एवढंच.

आणि 'सायको'? आल्फ्रेड हिचकॉक आणि त्यांची पत्नी आल्मा रेव्हिल. ती त्यांच्याहून एका दिवसानं लहान, आणि त्यांची ओळख व्हायच्या आधीपासून इंग्लंडमध्ये फिल्म संकलनात मुरलेली. 'सायको'ची जवळजवळ पूर्ण झालेली प्रत सगळ्यांनी पाहिली, वाहवा केली. आल्मा म्हणाली, मेलेली बाई श्वास घेतेय. न्हाणीघरात मरून पडलेल्या जॅनेट ली यांच्या गळ्याची हालचाल एकट्या तिला दिसली होती, अशी गोष्ट सांगतात. १९७९मध्ये जीवनगौरव स्वीकारताना हिचकॉक यांनी चार जणांचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथालेखक, एक त्यांच्या मुलीची आई आणि एक घरच्या स्वयंपाकघरात चमत्कार करणारी स्वयंपाकीण. आणि चौघींचं नाव एकच असल्याचं सांगितलं. सभागृहात टाळ्या पडल्या असतील. मलाही ते वाक्य गोड वाटतं. पण हेही वाटतं की चारातली पहिली दोन कामं पुस्तकांच्या पानांवर आधी लिहिली गेली असती, तर असं गोड कोडं घालायची वेळ आली नसती. आपल्याकडे सरस्वतीबाई फाळक्यांनी रात्र रात्र बसून फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, तेव्हा कुठे १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. अटलांटिकच्या पलीकडे काय आणि नाशिक-मुंबईकडे काय, हिशेबाची वही एकाच छापखान्यातली.

डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३७मध्ये आला आणि पूर्ण लांबीचा कार्टूनपट चालतो हे सिद्ध झालं. त्यातली लाखो चित्रं पारदर्शक पत्र्यांवर शाईनं उतरवणाऱ्या, रंगवणाऱ्या बायका होत्या, आणि त्याच काळात नोकरी मागणाऱ्या मुलींना स्टुडिओकडून छापील उत्तर जायचं की सर्जनशील काम फक्त तरुण पुरुष करतात. गंमत म्हणजे त्याच्या अकरा वर्षं आधी, १९२६मध्ये जर्मनीत लोटे रायनिगर या बाईनं कात्रीनं काळा कागद कापून 'प्रिन्स अहमद'ची पूर्ण लांबीची गोष्ट पडद्यावर आणली होती. शिल्लक असलेला सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा कार्टूनपट तोच. पुन्हा कात्रीच!

अलीकडे या वादाला एक नवं वळण मिळालं. इंग्लंडचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचं मतदान घेतं. १९६२ ते २००२ पाचही वेळा 'सिटिझन केन' पहिला. २०१२मध्ये हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो'. आणि २०२२मध्ये, १६३९ जणांच्या मतांनी, पहिला आला 'जान डीलमान'. बेल्जियमच्या शांताल अकेरमान यांचा, १९७५चा, तीन तास एकवीस मिनिटांचा. त्यात काय आहे? एक विधवा गृहिणी. ती बटाटे सोलते, कटलेटला पीठ लावते, भांडी घासते, मुलाचे बूट पुसते, दिवे बंद करते. दुपारी घर चालवायला शरीर विकते, तेही याच शिस्तीत. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, आणि तिथून तिचं सगळं आयुष्य उसवायला लागतं.

निकालावर बरीच नाराजी झाली. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे पटकथाकार पॉल श्रेडर यांनी चित्रपट आपल्याला आवडतो असं सांगूनही हा निकाल ओढूनताणून आणल्याचं बोलून दाखवलं. मतदार वाढवले, म्हणून असं झालं म्हणे. २०१२मध्ये मतदार ८४६ होते, आता जवळजवळ दुप्पट. पण मतदार वाढले की निकाल बदलतो, याला आपण एरवी लोकशाही म्हणतो ना? हां, हा चित्रपट अमेरिकन सिनेमावर सगळ्यात प्रभावी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रभाव आहे, पण ठरावीक लोकांवर. टॉड हेन्स यांच्या १९९५च्या 'सेफ'मधल्या, आपल्याच नीटनेटक्या घरात आजारी पडत जाणाऱ्या गृहिणीत तो दिसतो, गस व्हॅन सँट यांच्या संथ, लांबलचक चित्रणात दिसतो. शिवाय अकेरमानबाई स्वतः तरुणपणी, १९७१मध्ये न्यूयॉर्कला जाऊन तिथले प्रायोगिक चित्रपट पाहून हे शिकल्या होत्या. म्हणजे प्रभाव इकडून तिकडे गेला, पीठ मळून परत आला. पण बटाटे जास्त शिजणं ही मोठी घटना असू शकते, हे पडद्यावर दिसायला १९७५ साल उजाडावं लागलं, याचंच मला जास्त नवल वाटतं. आपल्याला हे रोज माहीत आहे.

आता मला विचाराल, तर अमेरिकन सिनेमावर सगळ्यात जास्त प्रभाव 'बर्थ ऑफ अ नेशन'चा, आणि त्याच्या नावापुढे स्टोन माउंटनवरचा तो क्रूसही लिहायचा. दुसरा 'जॉज', व्हर्ना फील्ड्स यांच्या नावासकट. 'सिटिझन केन'चा मान मोठा, पण लोकांच्या रोजच्या सिनेमात तो किती उतरला याबद्दल मला शंका आहे. त्यातली खोलवर स्पष्ट दिसणारी दृश्यं ग्रेग टोलंड या कॅमेरामनची, आणि त्याला मिळालेलं एकमेव ऑस्कर पटकथेचं, हे जाता जाता सांगून ठेवते.

प्रभावाचं आणखी एक गौडबंगाल आहे. 'जॉज' चालल्यावर प्रत्येकाला आपला शार्क हवा होता. 'स्टार वॉर्स' चालल्यावर प्रत्येकाला अवकाशयान. पण १९९१मध्ये 'थेल्मा अँड लुईस' गाजला, कॅली खूरी यांना पटकथेचं ऑस्कर मिळालं, आता बायकांच्या गोष्टींची लाट येणार असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. लाट आली नाही. त्यातल्या नायिका जीना डेव्हिस यांनी शेवटी २००४मध्ये पडद्यावर बायका किती आणि कशा दिसतात याचा अभ्यास करणारी संस्थाच काढली. पुरुषाचा चित्रपट चालला की तो नमुना होतो, बाईचा चालला की अपवाद. दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्कर बाईला मिळालं २०१०मध्ये, कॅथरिन बिगेलो यांना. मग २०२१मध्ये क्लोई झाओ, २०२२मध्ये जेन कॅम्पियन. पहिला ऑस्कर सोहळा १९२९चा, हे लक्षात घ्या.

आणि २०२३मध्ये ग्रेटा गर्विग यांचा 'बार्बी' आला. एक अब्ज चाळीस कोटी डॉलरच्या वर धंदा, त्या वर्षीचा जगात सगळ्यात जास्त कमावणारा चित्रपट. बाईनं दिग्दर्शित केलेला, बाईपणाबद्दल बोलणारा, गुलाबी कपडे घालून बायका झुंडीनं पाहायला गेल्या. त्यातून हॉलिवूडनं काय धडा घेतला? आणखी बायकांना कॅमेरा द्यावा, असा नाही. चर्चा सुरू झाली ती आता पुढचा सिनेमा कोणत्या खेळण्यावर काढायचा याची.